जॅकवेलवरची रोवणी

"मॅडम, बूम नाही पुरत. अजून समोर घेतली तं माही क्रेन काढाले दुसरी क्रेन आना लागन."

क्रेनवाला केबिनमधून खालीही उतरला नाही. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. मागची चाकं वैनगंगेच्या वाळूत निम्मी गेली होती आणि जॅकवेल अजून बरीच लांब होती. सोनकुसरे मॅडमनी एकदा चाकांकडे पाहिलं, एकदा विहिरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. परत न्या."

क्रेन कशीबशी काठावर चढली आणि नागपूरच्या रस्त्याला लागली. मागे राहिलो आम्ही दोघं. मॅडम नळयोजनेच्या ज्युनियर इंजिनिअर. नोकरीला अजून वर्षही झालेलं नव्हतं. मी त्यांच्या हाताखाली देखभालीचा सुपरवायझर, कंत्राटी. आणि तिसरा आमचा पंप, विहिरीच्या तळाशी गाळात रुतून बसलेला.

जॅकवेल म्हणजे नदीच्या पात्रातच बांधलेली मोठी गोल विहीर. नदीचं पाणी तिच्यात येतं, पंप ते उचलून पाइपात ढकलतो, पाइपातून टाकीत, टाकीतून गावांना. आमच्या योजनेवर दहा-बारा गावं होती. काठापासून विहिरीपर्यंत एक लांबलचक पूल होता, पण इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने आडवं व्हायचं. त्यावरून क्रेन सोडा, बैलबंडीही जात नाही.

पंप दोन होते. एकाची मोटर जळली म्हणून तो नागपूरला वाइंडिंगला गेलेला. दुसरा सर्व्हिसिंगसाठी कंत्राटदाराची माणसं वर काढत होती. त्यांच्याकडे चेनपुली होती. चेनपुलीने एका वेळी दहा फूट उचलता येतं आणि विहीर चाळीस फूट खोल. म्हणजे थोडं उचला, क्लॅम्पने पकडा, हुक सोडा, पुन्हा उचला. अशाच एका अदलाबदलीत क्लॅम्प सुटला. पंप धाडकन तळाला गेला आणि त्या हिसक्याने विहिरीवरचा लोखंडी गर्डर वाकला. कुणाला लागलं नाही हे नशीब. कंत्राटदाराची माणसं जेवायला म्हणून गेली ती गेलीच.

मे महिना होता. टाक्या कोरड्या पडल्या. टँकर यायचा, तोही आला तर. आसगावला माझ्या घरीसुद्धा तीच गत. बायको सकाळी म्हणाली, "जिंदगीभर पान्यात राहिले तुमी, आन घरात गुंडभर पानी नाही." गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची घागर. मी डबा घेऊन निघालो.

बायकोचा टोमणा ज्यावर होता ते सांगतो. मी नौदलात होतो. खलाशी म्हणून भरती झालेला माणूस तिथे पायरीपायरीने वर चढतो. वरच्या तीन पायऱ्या म्हणजे चीफ पेटी ऑफिसर, मग मास्टर चीफ सेकंड क्लास, मग मास्टर चीफ फर्स्ट क्लास. या तिघांना ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर म्हणतात. लष्करातले नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर यांच्या बरोबरीचे. मी शेवटच्या पायरीवरून निवृत्त झालो. पण भंडारा जिल्ह्यात तलाव भरपूर असले तरी समुद्र नाही. लोकांना लष्कर माहीत. मी परत आल्यावर वर्षभर सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळे शांतपणे ऐकायचे, मान डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "म्हंजे सुभेदारच न जी?" मग मी नाद सोडला. मी सुभेदार झालो.

या पायऱ्यांवरच्या माणसाचं खरं काम काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते असं. जहाजावर बावीस-तेवीस वर्षांचा नवा सब-लेफ्टनंट येतो. तो अधिकारी. मी त्याच्या वयाइतकी वर्षं डेकवर काढलेली. तरी सॅल्यूट मी त्याला करायचा. आणि त्याला काम शिकवायचं तेही मीच, शिवाय अशा बेताने की खलाशांसमोर त्याची शोभा होता कामा नये. म्हणून आमची एक पद्धत असते. चीफ अधिकाऱ्याच्या बाजूला अर्धं पाऊल मागे उभा राहतो आणि हळूच विचारतो, "सर, सुचवू का?" सर म्हणतात, सुचवा. चीफ सुचवतो. सरांना पटलं तर सर तेच मोठ्याने ऑर्डर म्हणून सांगतात. ऑर्डर त्यांची, काम आमचं. डेकचं काम सांभाळणाऱ्या चीफला जहाजावर सगळे 'बफर' म्हणतात. रेल्वेच्या डब्यांना असतो तोच. दोन्हीकडचे धक्के त्याने खायचे.

मी कठड्याजवळ मॅडमच्या बाजूला अर्धं पाऊल मागे उभा राहिलो.

"मॅडम, सुचवू का?"

"काका, सरळ सांगा ना. दर वेळी काय विचारता?"

"सुचवू का?"

त्या थकून हसल्या. "सुचवा."

"कैची उभी करू. आपल्याकडे जाड लोखंडी पाइप पडलेत. दोन पाइप वर एकत्र बांधायचे, पाय फाकवून विहिरीच्या तोंडाच्या दोन बाजूंना रोवायचे. मागून दोराने ताणून धरायचे. वर कप्प्या लावायच्या आणि माणसांनी दोर ओढायचा. जहाजावर याला शीअर लेग्ज म्हणतात. क्रेन नव्हत्या तेव्हापासूनची पद्धत आहे."

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. हे मला आवडलं. "वजन किती धरलंत?"

"पंप पाऊण टन. मी दीडपट धरलं."

"कमी आहे. गाळ पंपाला चोखून धरतो. सुटेपर्यंत दुप्पट, अडीचपट जोर लागतो. आणि मागचे दोर कठड्याला बांधू नका, विटांचा आहे. पाइपलाइनच्या वळणावर काँक्रीटचा मोठा ठोकळा आहे, त्याला बांधा."

समुद्रात आम्ही वाळूतून आणि खडकातून वस्तू काढलेल्या. वैनगंगेचा गाळ मला माहीत नव्हता. मी मनातला दोर बदलला, जाड घेतला.

मॅडमनी उपअभियंता साहेबांना फोन लावला. स्पीकर चालू होता.

"सर, पंप कैची लावून माणसांकडून काढायचा विचार आहे."

"माणसांकडून? अहो, मोठी क्रेन सांगितली आहे. पात्रात मुरूम टाकून रस्ता करू. आठ-दहा दिवस."

"सर, गावं आठ-दहा दिवस थांबू शकत नाहीत."

"तो नेव्हीवाला तुमचं डोकं फिरवतोय का?"

"नाही सर. ते फक्त सुचवतात."

"आणि परत पडला तर? पंप फुटला तर नवा यायला पावसाळा लागेल. पहिल्यांदा पडला तेव्हाही साइटवर तुम्हीच होतात. तुमचा प्रोबेशनचा रिपोर्ट माझ्याच टेबलावर आहे."

"जबाबदारी माझी, सर."

"बघा बुवा. तुम्ही मला फोन केला नव्हता."

फोन बंद झाला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बोटीवरपण असे साहेब असतात, मॅडम." त्या हसल्या नाहीत. त्यांचे वडील आंधळगावला मागावर कोसा रेशीम विणतात. घरात सरकारी नोकरी लागलेली ही पहिलीच. ती टिकणार की जाणार हे आता त्या तळातल्या पंपावर ठरणार होतं, आणि सुचवणारा मी होतो.

सामान जमवायला लागलो. स्टोअरवाला म्हणाला, "मोठा विंच होता जी आपल्याकडं. जिल्हा फुटला तवा गोंदियाले गेला." आमच्या कार्यालयात जी वस्तू सापडत नाही ती गोंदियाला गेलेली असते. जिल्हा वेगळा झाला तेव्हा सामानाची वाटणी झाली हे खरं. पण स्टोअरवाल्याचं ऐकलं तर मूळ जिल्ह्यात होतं त्याच्या तिप्पट सामान तिकडे गेलं असावं.

शेवटी लाखांदूरच्या रस्त्यावर विजेच्या तारा ओढणारी टोळी काम करत होती, तिच्याकडून लोखंडी कप्प्या आणि लांब दोर उसना आणला. कप्प्यांच्या दोन जोड्यांमधून दोर फिरवला की वजन पाच-सहा भागांत वाटलं जातं. त्याची भरपाई म्हणून दोर तितक्या पट लांब ओढावा लागतो. एवढा दोर ओढत न्यायला जागा कुठे? तर तो अरुंद पूल. ज्याने क्रेन अडवली तोच आमचा डेक झाला. दोर विहिरीवरून खाली आणून एका कप्पीतून वळवला आणि पुलावर सोडला. आता पुलावरून काठाकडे दोर घेऊन जायचं, टोकाला पोचलं की दोर खांबाला बांधायचा, परत यायचं, पुन्हा धरायचं.

खाली जाऊन पंपाला दोर लावायचं काम नत्थूचं. नत्थू धीवर, नदीत मासे धरणारा. तो दोनदा जाऊन रिकामा आला. तिसऱ्यांदा दोराला आतून हिसका दिला आणि मग डोकं वर आलं.

"लावला जी. पंप कमरेएवढा गाळात हाये. पन कडी वर हाये."

पंपाच्या डोक्यावर उचलण्यासाठी कडी असते. ती वर राहिली होती म्हणजे निम्मं काम झालं, असं मी मॅडमना म्हणालो. ते चुकीचं ठरलं.

ओढायला गावातली तरणी मंडळी आली होती. दंड फुगवून, बनियनवर. मी समजावलं, ऑर्डर एकाच तोंडून येईल, माझ्या शिट्टीवर ओढायचं, हिसका द्यायचा नाही. सगळे म्हणाले, "हो जी सुभेदार." आणि दोर हातात येताच प्रत्येक जण सुभेदार झाला. "जोर लगाके" सुरू झालं. हिसक्यामागून हिसका. मी शिट्टी फुंकतोय आणि ती मलाच ऐकू येतेय. दर हिसक्याला कैचीचे पाइप थरथरायचे आणि त्यांचे पाय विहिरीवरच्या स्लॅबवर उडायचे. पंप तसूभर हलला नाही.

मॅडमनी दोन्ही हात वर करून ओरडून काम थांबवलं. थांबायलाही चांगला वेळ लागला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पिशवीतून खडू काढला आणि वाकून दोन्ही पाइपांच्या पायांभोवती स्लॅबवर गोल काढले.

"हे कशाला, मॅडम?"

"पाय सरकले तर कळेल. तुम्ही वर दोराकडे बघता. खाली कोण बघणार?"

काठावर झाडाच्या सावलीत बाया बसल्या होत्या. पहाटे तेंदूपत्ता तोडून आलेल्या, रिकामे गुंड बाजूला ठेवून टँकरची वाट बघणाऱ्या. त्यातल्या एका उंच बाईने पदरानं तोंड पुसत विचारलं, "कावो सुभेदार, हे दोर ओढून राहिले का कुस्ती खेलून राहिले?"

बाया खिदळल्या. ही सुगंधाबाई. पावसाळ्यात तिची रोवणीची टोळी असते. रोवणी म्हणजे धानाचं रोप चिखलात लावणं. बाया एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि रोप लावत लावत मागे सरकतात. सगळ्या एका पावलाने. एक पुढे गेली किंवा एक मागे राहिली तर ओळ मोडते. घोटाभर चिखलात, दिवसभर, तोल न जाता.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. नौदलात नव्या पोरांना दोर ओढायला शिकवायला आम्हाला महिने लागतात. हाताने हिसके द्यायचे नाहीत, दोर धरून सगळ्यांनी एका पावलाने चालायचं, वजन आपोआप येतं. एवढंच असतं ते. आणि इथे ते येणारी अख्खी टोळी सावलीत बसून आमची गंमत बघत होती.

मी परत मॅडमजवळ गेलो, अर्धं पाऊल मागे. "मॅडम, सुचवू का? पोरांना बाजूला करा. बायांना दोर द्या."

मॅडमना एक क्षण लागला. मग त्यांचे डोळे चमकले. "रोवणीसारखं?"

"रोवणीसारखं."

पोरांमधला एक म्हणाला, "सुभेदार, आता बायांकडून पंप काढता का?"

"हो. तू तोवर गुंडांवर ध्यान ठेव."

मॅडम स्वतः काठावर गेल्या आणि सुगंधाबाईंना सगळं समजावून सांगितलं. लपवलं काहीच नाही. पाय घसरला तर काय होईल, कैची पडली तर काय होईल, सगळं. सुगंधाबाईंनी एकच विचारलं, "आन निंगाला तं पानी येईन न?"

"उद्या येईल."

"मंग चला वं," त्या बायांना म्हणाल्या आणि पदर कमरेला खोचला.

पुलावर बाया एकामागे एक उभ्या राहिल्या, तोंडं विहिरीकडे, दोर दोन्ही हातांत. तळव्यांना फडकी गुंडाळलेली. मी शिट्टीची खूण सांगायला लागलो.

"शिट्टीवर पाय नाही उचलत जी आमचा," सुगंधाबाई म्हणाल्या. "गान्यावर उचलते."

"गाणं नाही चालणार. डेकवर, म्हणजे कामावर, शांतता पाहिजे. ऑर्डर ऐकू आली पाहिजे."

"मंग तुमीच ओढा."

माझं डोकं तापलं. उभ्या नोकरीत माझ्या डेकवर कुणी तोंडातून शब्द काढला नव्हता. इथे गाणी. मी काहीतरी बोलणार तोच मॅडम म्हणाल्या, "काका, थांबा. सुगंधाबाई एकट्या म्हणतील. बाकीच्या तोंड बंद ठेवून पाय टाकतील. सुगंधाबाई, तुम्ही सगळ्यात पुढे, माझ्यासमोर उभ्या राहा. डोळे माझ्या हातावर. मी हात वर केला की गाणं तोडायचं. गाणं तुटलं की पाय थांबले पाहिजेत."

"थांबतीन. रोवनीत बांध आला का असंच थांबतो आमी."

ही ऑर्डर होती आणि मी सुचवलेली नव्हती. अशा वेळी मास्टर चीफने काय करायचं असतं? मी म्हणालो, "आय आय, मॅडम," म्हणजे हुकूम मान्य, आणि शिट्टी खिशात घातली.

मी विहिरीच्या तोंडाशी गेलो. वजन उचलताना बघणाऱ्याचे डोळे वजनावरच असावे लागतात, आजूबाजूला काहीही होवो. मॅडम मला दिसत नव्हत्या.

"मॅडम, तयार. ऑर्डर?"

"तुम्हीच सांगा ना, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"नाही मॅडम. तुमचीच."

मग स्वच्छ आवाज आला, "घ्या."

सुगंधाबाईंनी गाणं धरलं. संथ, आषाढातल्या धानाच्या बांधीत ऐकू येतं तसं. बायांचे पाय एकदम उचलले, एकदम टेकले. दोर ताठ झाला. कप्प्या कुरकुरल्या. पाइप थरथरले नाहीत, नुसते कण्हले. आणि मग सगळं थांबलं. गाळ सोडेना. बाया मागे रेलून उभ्या, गाणं चालू, पाय तिथल्या तिथे. दोर कडक लोखंडासारखा. काठावरून पोरं ओरडत होती, "हिसका मारा, हिसका." एकीनेही मारला नाही.

आणि एकदम गाणं तुटलं. अर्ध्या ओळीत.

बायाही तशाच थबकल्या. मी वजनावरून डोळे न काढता विचारलं, "काय झालं?"

"काका, डावा पाय रेषेबाहेर आलाय. दोन बोटं."

नत्थूच्या अंगावरून गळलेल्या पाण्याने स्लॅब ओला झाला होता आणि पाइपाचा पाय हळूहळू बाहेर सरकत होता. अजून वीतभर गेला असता तर कैची मोडून पडली असती, पंप परत तळाला, आणि सुटलेला दोर पुलावरच्या बायांना झोडपत गेला असता. हिसक्याच्या कामात हे कुणाला दिसलंही नसतं. आणि दिसलं असतं तरी थांबवणार कसं, ते आम्ही तासाभरापूर्वी पाहिलं होतं.

"दोर बांधून घ्या," मॅडम म्हणाल्या. पुलाच्या खांबाला वेढे देऊन दोर बांधला, बायांनी हात सोडले. मी आणि नत्थूने कैचीचे दोन्ही पाय एका जाड दोराने एकमेकांना बांधले, दोरात पहार घालून पीळ भरला आणि पाय घट्ट आवळले. डेकवर पाय अडवायला लोखंडी खोबणी असतात, इथे खोबण नव्हती. स्लॅबवर वाळू टाकली. मॅडमनी खडूचे गोल नव्याने काढले.

"घ्या," त्या म्हणाल्या. या वेळी मला ऑर्डर मागावी लागली नाही.

गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच सुरू झालं. दोर ताठ झाला आणि आम्ही वाट बघत राहिलो. मग विहिरीतून एक मोठा बुडबुडा वर आला. त्यामागून काळं पाणी उसळलं, कुजक्या गाळाचा वास आला आणि दोर माझ्या डोळ्यांसमोर सरसर वर यायला लागला.

"सुटला," मी ओरडलो. डेकवर मी कधी ओरडलो नव्हतो.

वजन सुटलं की ओढणारे तोल जाऊन उताणे पडतात. चांगले खलाशी पडताना पाहिलेत मी. बाया पडल्या नाहीत. एक पाऊल लांब पडलं, गाणं किंचित जलद झालं आणि परत आपल्या चालीवर आलं. पुलाच्या टोकाला पोचल्या, दोर बांधला, परत आल्या, पुन्हा धरला. किती फेऱ्या झाल्या मी मोजल्या नाहीत. शेवटी गाळाने माखलेला पंप विहिरीच्या तोंडातून वर आला, मागच्या दोरांनी कैची सावकाश मागे झुकवली आणि मॅडमच्या हाताच्या इशाऱ्यावर पंप स्लॅबवर टेकला. आवाजसुद्धा झाला नाही.

काठावर जो कल्ला झाला तो विचारू नका. मघाचीच पोरं सगळ्यात जास्त नाचत होती. मॅडम पंपाशेजारी चिखलातच बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागल्या. थोडं रडणंही होतं त्यात. मी त्यांच्यासमोर सावधान उभा राहिलो. नौदलात डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करत नाहीत, नुसतं ताठ उभं राहायचं असतं. निवृत्तीनंतर मी पहिल्यांदाच तसा उभा राहिलो होतो, आणि ऊर भरून आला होता.

"काहून ताठले जी सुभेदार?" सुगंधाबाईंनी विचारलं. "कंबर धरली का?"

दुसऱ्या दिवशी पंप धुऊन, तपासून, त्याच कैचीने आणि त्याच बायांनी परत विहिरीत सोडला. दुपारी बटण दाबलं. आधी पाइपात हवा खोकली, मग पाणी आलं. संध्याकाळी घरी गेलो तर बायको नळाखाली गुंड लावून बसली होती. चहा न मागता मिळाला.

उपअभियंता साहेब पाणी सुरू झाल्यावर पोचले. पुलावरून चालत आले, कैचीकडे पाहिलं, कप्प्यांकडे पाहिलं. "अरे वा. कुणी केलं हे?"

मी मॅडमच्या अर्धं पाऊल मागे सरकलो. हा प्रश्न माझ्यासाठी नसतो.

"ऑर्डर माझी होती, सर," मॅडम म्हणाल्या. "काम काकांचं."

मागून सुगंधाबाईंचा आवाज आला. "आन पाय आमचे."

साहेबांनी मान हलवली. प्रोबेशनच्या रिपोर्टमध्ये त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. मॅडम कायम झाल्या, एवढं माहीत आहे. आता त्यांची बदली झाली आहे, पण एखादं काम अडलं की फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ म्हणतात, "काका, सुचवा."

या प्रकरणातून मी दोन गोष्टी शिकलो. जड वस्तू उचलायची असेल तर खिशात खडू ठेवावा. आणि पंप शक्यतो आषाढात पाडू नये, तेव्हा बाया रोवणीवर असतात आणि कुणासाठी थांबत नाहीत.

राहिला माझा हुद्दा. अजूनही कुणी नवखा विचारतो, मास्टर चीफ म्हणजे नेमकं काय हो? पूर्वी मी पायऱ्या सांगायचो. आता सांगतो, त्या दिवशी पुलावर सगळ्यात पुढे एक बाई उभी होती. डोळे मॅडमच्या हातावर, पाठीमागे अख्खी ओळ. हात वर गेला की ती थांबायची आणि ती थांबली की सगळे थांबायचे. तेच माझं काम होतं. फक्त मला त्याचा पगार मिळायचा.